आधी पाठ, मग चहा

आमच्याकडे कुणी आलं की आधी चपला काढतं, मग पाणी पितं, मग पलंगाकडे बघून "कसं आहे आता?" असं हळूच विचारतं. उलथनं तशी नव्हती. ती दारातून आत आली की पिशवी खुंटीला, हातपाय धुवायला मोरीत, आणि तिथून थेट ह्यांच्या पाठीकडे. तोंड सगळ्यांत शेवटी. पहिल्या दिवशी मी तिच्यासाठी चहाचं आधण ठेवलं होतं. तिने ह्यांचा सदरा वर केला, माकडहाड बघितलं, दोन्ही टाचा बघितल्या, घोटे बघितले, कानांच्या मागे बघितलं आणि मग समोर येऊन म्हणाली, "नमस्कार बाबा. पाठ चांगली आहे तुमची." मी म्हटलं, "अगं, चहा घे ना आधी." तर म्हणाली, "आधी पाठ काकू, मग चहा. उलटं नाय करायचं." पुढे तीन वर्षं ह्या क्रमात बदल झाला नाही. एकदाच व्हावा असं मला वाटलं होतं. ते सांगतेच पुढे.

उलथनं हे नाव ह्यांनी ठेवलेलं. ह्यांना माणसांना टोपणनावं द्यायची खोड होती, आणि सगळी नावं माझ्या स्वयंपाकघरातली. ह्यांची मोठी बहीण, म्हणजे माझ्या वन्सं, त्यांना किसणी. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना गाळणी, कारण ते सगळं ऐकून घेतात आणि थेंबभरच खाली सोडतात. मला पक्कड. "एकदा धरलंस की सोडत नाहीस," म्हणायचे. एका सकाळी दाढी करताना ह्यांच्या डाव्या हातातला आरसा खाली पडला, आणि मी "फुटला की काय" म्हणून बघायला गेले तर हेच भिंतीला टेकत खाली सरकत होते. डावी बाजू गेली. जीभही जड झाली. तीन आठवडे दवाखान्यात काढून घरी आणलं तेव्हा बोललेलं मला एकटीलाच कळायचं, तेही निम्मं. आम्हाला मूलबाळ नाही. घरात आम्ही दोघंच, डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर. म्हणून आया पुरवणाऱ्या ब्यूरोतून बाई मागवली.

ब्यूरोत सगळ्यांना मावशी म्हणतात, म्हणून मीही दोन दिवस मावशी म्हटलं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "तुम्ही मला मावशी म्हणता, मी तुम्हाला काकू म्हणते. मी तुमच्याहून वीस वर्षांनी लहान. आपलं नातं नक्की काय लागलं ओ?" चौथ्या दिवशी प्रश्न मिटला. ती ह्यांना कुशीवर वळवत होती आणि हे एकदम स्वच्छ बोलले, "उलथनं!" झटक्यानंतरचा पहिला अख्खा शब्द. माझ्या हातातलं पातेलं खाली गेलं. मला भीती, बाईला राग आला असेल. ती कसली रागावते! म्हणाली, "बरोबर आहे बाबा. थालीपीठ करपू नये म्हणूनच उलथतात ना?" आणि ह्यांच्या तोंडाची उजवी बाजू हसली.

ती दिव्याहून यायची. तिथे तिची एक खोली, पाणी आलं तर आलं. उंचीने माझ्या खांद्याला लागेल एवढीच, पण माझा सत्तर किलोंचा नवरा ती असा वळवायची की पलंग कुरकुरायचा नाही. आधी एका इस्पितळात आया होती, तिथल्या म्हाताऱ्या सिस्टरने शिकवलं म्हणाली. ह्यांच्या खाली एक आडवी दुहेरी चादर घालून ठेवायची, आणि वर सरकवायचं झालं की दोन बाजूंनी दोघींनी ती चादर उचलायची. माणूस ओढायचा नाही. मी एकदा घाईत ह्यांना काखेत धरून ओढलं, तर तिने माझा हात धरला. "काकू, बाबा म्हणजे गोणी नाय. ओढलं की कातडं मागं राहतं आणि हाड पुढं जातं."

मी चाळीस वर्षं घरी साड्यांना फॉल-पिको करतेय. सातवी शिकलेली बाई. मशीन कुणी शिकवलं नाही, उसवून उसवून शिकले. कापडातलं मला कळतं असा माझा समज होता. पण चादरीची वळी ही काय चीज आहे ते मला उलथन्याने दाखवलं. रोज दहा वेळा ती ह्यांच्या अंगाखालून पालथा हात फिरवायची आणि एखादी बारीकशी चुणी सापडली की म्हणायची, "ही बघा, सुतळी." आपल्याला टोचलं की आपण सरकतो. ह्यांना डाव्या अंगाला टोचलेलं कळायचंच नाही. "आपण झोपेत किती वेळा कूस बदलतो, आठवतं का आपल्याला? अंगच सांगतं, सरक जरा. बाबांचं अंग बोलायचं थांबलंय. त्याच्या वतीनं आपण बोलायचं." हे ती भाजी निवडता निवडता बोलली. मी सुईत दोरा ओवत होते, तो तसाच राहिला.

मग तिने माझ्याकडून उशा शिवून घेतल्या. दोन गुडघ्यांच्या मधे ठेवायची एक, पोटरीखाली घालून टाच अधांतरी राहील अशी एक, पाठीशी लावायची लांबोडकी एक. मी हौसेने पहिल्या उशीला पायपिंग लावलं, कडेला गोट. तिने बोटाने ती शिवण चाचपली आणि हसली. "छान झालीय. कुणाच्या तरी लग्नात द्या." मग मी शिवणी आत घालून, जुन्या मऊ साडीच्या उशा केल्या. हे पूर्ण कुशीवर कधी निजायचे नाहीत. ताटं घासून झाली की आपण भिंतीला कशी कलती लावतो, तेवढंच कलतं करायचं, म्हणजे कमरेच्या हाडावर भार येत नाही. मी हवेची गादीही आणली होती. ती आली त्या दिवशी मला वाटलं, सुटलो आता. उलथनं म्हणाली, "गादी गादीचं काम करेल. आपलं आपल्याला करावंच लागेल."

घड्याळ ती वापरायची नाही. घंटागाडीचं गाणं वाजलं की उजवीकडे. समोरच्या पोळीभाजीवाल्यांचे कुकर सुरू झाले की पाठीवर. शाळेची व्हॅन आली की डावीकडे, तेही थोडाच वेळ, कारण डावा खांदा ह्यांना फार दुखायचा. अर्धं अंग बधिर, पण तो खांदा मेला नव्हता. नीट धरला नाही तर हे कळवळायचे. म्हणून ती आधी खांद्याखाली तळहात सरकवायची, मग वळवायची. चार मजल्यांच्या इमारतीत सगळ्यांना वेळापत्रक पाठ झालं होतं. दुसऱ्या मजल्यावरची पोरं व्हॅनमधून उतरताना खालून ओरडायची, "आजोबा, डावीकडे!"

आणि बघायला येणारी माणसं! आपल्याकडे आजाऱ्याला बघायला जायचं म्हणजे शहाळं, सफरचंदं, आणि पलंगाच्या कडेवर बसून दुसऱ्या कुणाचं तरी दुखणं सांगायचं. उलथन्याने ही पद्धतच मोडली. "बघायला आलात ना? मग हात लावा. वेळ झालीय वळवायची." शहाळं हातातच असायचं बिचाऱ्यांच्या. कुणी पाय धरायचं, कुणी उशी. पहिल्यांदा लोक संकोचले, मग शिकले. वन्सं मात्र सहज ऐकणाऱ्यांतल्या नव्हेत. त्या ठाण्याला कोलशेतला राहतात. आल्या की भावाच्या पलंगावरच बसणार.

"आत्या, खुर्चीवर बसा ना. चादर गोळा होते."

"माझ्या भावाच्या पलंगावरून तू मला उठवतेस?"

"पलंग बसा म्हणतो ओ, पाठ नको म्हणते."

वन्सं खुर्चीवर बसल्या, पण गप्प बसतील तर कसल्या. "गाव कुठलं गं तुझं? आडनाव काय?" तिने गाव सांगितलं, आडनाव सांगितलं. वन्संचा चेहरा जरासा हलला. पुढचं काही त्या विचारायच्या आत उलथनं म्हणाली, "आता पाय धरा आत्या. खालून, घोट्याजवळ. हां, असं." आणि वन्संनी धरले.

वन्संना कशाला नावं ठेवू? खोटं लिहायचं नाही म्हणून लिहिते. पहिले काही महिने मीसुद्धा उलथन्याचा चहा स्टीलच्या एका निराळ्या पेल्यात द्यायचे. तो पेला मांडणीत एका बाजूला पालथा असायचा. मी स्वतःला सांगायचे, बाहेरून येते, दवाखान्याची कामं करते, म्हणून. तिने तो पेला रोज घेतला, रोज विसळून पालथा ठेवला, आणि कधी चकार शब्द काढला नाही.

एक वर्ष असं गेलं आणि ह्यांची पंचाहत्तरी आली. त्याच सुमारास उलथन्याच्या मुलीचं बाळंतपण, शहाडला. पाच दिवसांची सुट्टी. ब्यूरो दुसरी बाई द्यायला तयार होता. मीच नको म्हटलं. वर्षभर बघितलंय सगळं, नवीन माणसाला शिकवत बसण्यापेक्षा मीच करीन. जाताना उलथनं म्हणाली, "खुर्चीत बसवा, पण एका मालिकेपुरतंच. जाहिराती धरून अर्धा तास. मग परत पलंगावर." मी मान डोलावली. मनात माझं दुसरंच चाललं होतं. वाढदिवसाला ह्यांना शर्ट-पँट घालून, खुर्चीत ताठ बसवून, सगळ्यांना दाखवायचं होतं मला. वर्षभर लोकांनी ह्यांना आडवंच बघितलं होतं.

बसताना माकडहाडावर भार येतो हे मला माहीत होतं. म्हणून मी डोकं चालवलं. लहानपणी आमच्याकडे बायका डोक्यावर चुंबळ ठेवून हंडा आणायच्या, म्हणून चुंबळ माझ्या चांगलीच ओळखीची. मी ह्यांच्यासाठी एक मोठी चुंबळ शिवली. कापूस ठासून भरला, वर मऊ सुती कापड, शिवण आत. मधे भोक, म्हणजे माकडहाड अधांतरी. टाच अधांतरी ठेवतो तसंच की! मला वाटलं, उलथनं आली की तिला दाखवीन, तिलाही हे सुचलं नसेल.

वाढदिवस झकास झाला. हे निळ्या शर्टात खुर्चीत बसले. पंच्याहत्तर दिव्यांनी ओवाळलं. माणसं येत होती, जात होती, चुंबळीचं सगळ्यांनी कौतुक केलं. एकीने तर तिच्या सासऱ्यांसाठी माप नेलं. मी मधे मधे विचारत होते, "पडता का जरा?" हे मानेने नाही म्हणायचे. सकाळी दहाला बसवलेला माणूस मी चारच्या पुढे पलंगावर घेतला. शर्ट काढला, पँट काढली, आणि बघितलं तर चुंबळीचा गोल वळ उठलेला, आणि बरोबर मधे, भोकाच्या जागी, कोटाच्या बटणाएवढा जांभळट डाग.

इथे माझं चुकलं त्यावर आणखी चुकलं. मी तो डाग खोबरेल तेलाने चोळला. चांगला चोळला, रक्त फिरावं म्हणून. वर हळद दाबली, पावडर लावली. चोळायचं नसतं, लाल जागेवरून हातही फिरवायचा नसतो, हे तिने शंभरदा सांगितलेलं. पण घाबरलेला हात आईने शिकवलेलंच करतो. डॉक्टरांना बोलावलं नाही. उलथन्याचा रोज व्हिडिओ कॉल यायचा, नात दाखवायची आणि विचारायची, "पाठ?" मी म्हणायचे, "चांगली आहे." तिसऱ्या दिवशी उकडलेल्या बटाट्याचं साल सुटावं तसं तिथलं कातडं माझ्या फडक्याला लागून आलं.

सहाव्या दिवशी ती आली. पिशवी खुंटीला, मोरीत हातपाय. मी पलंगासमोर आडवी उभी राहिले. "आज मी सगळं पुसूनबिसून घेतलंय गं. तू बस, चहा घे आधी. बर्फी आणलीस ना नातीची?"

तिने माझ्याकडे बघितलं. वर्षभरात मी पहिल्यांदा 'आधी चहा' असा हट्ट धरला होता.

"काकू, सरका," एवढंच म्हणाली.

ती वाकली. मग डागाच्या बाजूच्या कातड्यावर हाताची मागची बाजू टेकवली. ह्यांचा वर्ण सावळा, लाली डोळ्यांना फारशी दिसायची नाही. ती नेहमी हाताला विचारायची. "गरम आहे. कडक पण झालंय. कधीपासून?"

"आजच दिसलं," मी म्हटलं.

"हे आजचं नाय, काकू."

मी खाली बसले. सगळं सांगितलं, चुंबळ आणून दाखवली. ती ओरडेल असं मला वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "बांगडी काढा एक." माझ्या हातातली पाटली तिने माझ्याच मनगटाच्या वर, आतल्या मऊ बाजूला ठेवली आणि तळहाताने दाबून धरली. धरलीच. मला कळ यायला लागली. मग हात काढला. पाटलीचा गोल वळ, आणि मधलं कातडं फुगलेलं, निळसर. "मधे भार नाय, बरोबर आहे तुमचं. पण चारही बाजूंनी आवळलंय, तर मधे रक्त येणार कुठून? चुंबळ डोक्यावर दहा मिनिटं असते. बाबा सहा तास बसले."

मी रडायला लागले. तेव्हा तिने तिच्या सासूचं सांगितलं. सासूलाही असाच झटका आला होता. दिव्याच्या खोलीत अकरा महिने झोपून. "मी तेव्हा धुण्याभांड्यांची कामं करायची. सकाळी खाऊ घालून जायची, संध्याकाळी यायची. मला वाटायचं, म्हातारी शांत झोपलीय, आराम पडलाय. मला वास आला तेव्हा समजलं. तोपर्यंत हाड दिसत होतं काकू. मला कुणी शिकवलंच नव्हतं. तुम्हाला तर मी शिकवलं होतं. म्हणजे माझं शिकवणं कच्चं राहिलं." हे तिने मनापासून म्हटलं, टोमणा म्हणून नव्हे. ते मला टोमण्यापेक्षा जास्त लागलं.

हे भिंतीकडे तोंड करून सगळं ऐकत होते. जड जिभेने म्हणाले, "पक्कड... मलाच... बसायचं होतं."

गाळणी डॉक्टर आले. जखम बघून त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदाच काही गाळलं नाही. म्हणाले, "काकू, वर दिसतंय बटण, पण आत खिसा आहे." सडलेला भाग काढला तेव्हा मला कळलं खिसा म्हणजे काय. वरचं तोंड लहान, आत बोटभर पोकळी. ताप चढत होता. ते मला गॅलरीत घेऊन गेले आणि म्हणाले, "झटक्यातून वाचलेली माणसं ह्या जखमांनी जातात. हाडापर्यंत गेलं तर माझ्या हातात काही नाही." ह्यांना आठवडाभर दवाखान्यात ठेवावं लागलं. ताप उतरला, घरी आणलं, आणि मग लढाई सुरू झाली. गणपतीत लागलेली जखम होळीपर्यंत.

रोज ड्रेसिंगला नर्स यायची, बाकी सगळं उलथनं. पाठीवर निजवणं बंद. उजवी-डावी, उजवी-डावी, घंटागाडी, कुकर, व्हॅन, रात्रीच्या पाळ्या माझ्याकडे. जागा क्षणभर ओली राहू द्यायची नाही. डॉक्टर म्हणाले, मांस भरायचं तर खाण्यात ताकद हवी. डाळी, दूध, पनीर, आणि जमलं तर अंडी. आमच्या घरात अंडं कधी आलेलं नव्हतं. मी घुटमळले. हे पलंगावरून म्हणाले, "आण." उलथन्याने आणली. मी म्हटलं, "थांब हं, उकडायला निराळं भांडं देते."

ती अंडी हातात घेऊन उभी. अगदी सहज म्हणाली, "भांडं अंड्यासाठी निराळं ना? मग हरकत नाय."

मी मांडणीकडे वळले तर समोर तो पालथा पेला. मी तोच उचलला, त्यात पाणी घातलं आणि गॅसवर ठेवला. "ह्यात उकड," म्हटलं. "हा आता अंड्यांचाच." त्या दिवसापासून ती आमच्यासारख्याच कपबशीत चहा प्यायली. पहिल्या दिवशी फक्त कप विसळून झाल्यावर पालथा कुठे ठेवायचा म्हणून क्षणभर थांबली, आणि मग बाकीच्या कपांत ठेवला.

दिवाळीनंतर कधीतरी तिने मला हाक मारली, "काकू, इकडे या, घाबरू नका." मी त्या जखमेकडे बघायचं टाळायचे. तिने बघायला लावलं. आतला पिवळा चिकटा गेला होता आणि डाळिंबाच्या दाण्यांसारखं लालबुंद काही दिसत होतं. "रक्त आलंय का गं?" "नाय ओ. मांस येतंय. लाल म्हणजे जिवंत." मग तळ वर येत गेला, आणि शेवटी काठाकडून कातडं आत सरकायला लागलं. रोज एक धागा. मी जन्मभर कापडाच्या कडा शिवल्या, पण अशी शिवण बघितली नव्हती, जिला सुई कुणीच लावत नाही. आपण फक्त भार टाकायचा नाही. होळीला ती जागा बंद झाली. उरला शर्टाच्या बटणाएवढा पांढुरका व्रण. त्या दिवशी मी पुरणपोळी केली. तिने डबा भरून दिव्याला नेला.

चुंबळ मी फेकायला काढली होती. तिने माझ्या हातातून घेतली. "कापूस चांगलाय, फेकता कशाला?" माझ्याकडूनच उसवून घेतली आणि त्या कापसाची पोटरीखालची नवीन उशी करायला लावली. ह्यांची डावी टाच शेवटपर्यंत त्या उशीमुळे अधांतरी होती. ती उशी आता उलथन्याकडे आहे. ह्यांचं दिवसकार्य झाल्यावर ती आली, मोकळ्या पलंगाकडे बघत बसली, आणि जाताना विचारलं, "उशा देता का ओ? कळव्याला एका आज्जींकडे लागलेय. त्यांच्याकडे सगळ्या उशा कडक आहेत." मी सगळ्या उशा धुऊन पिशवीत भरून दिल्या. आता ती कळव्याला जाते. अधूनमधून फोन येतो, आधी 'जयभीम काकू', मग आज्जींची पाठ, मग बाकीचं. आणि मीही आता कुणाला बघायला गेले की शहाळं ओट्यावर ठेवते आणि विचारते, "वळवायची वेळ कधीची?" लोकांना वाटतं, म्हातारी आगाऊ आहे. वाटू दे.

तो शेवटचा दिवस मात्र सांगायचा राहिला. जखम भरल्यावर हे आणखी दीड वर्ष होते. मग दुसरा झटका आला, आणि दोन दिवसांत आटोपलं. दवाखान्यातून घरी आणलं. आंघोळ घालायला पुरुषमंडळी, म्हणजे वन्संचा मुलगा आणि शेजारचे दोघे. आम्ही बायका आतल्या खोलीत. उलथनं दिव्याहून धावत आली होती. ती दोन खोल्यांच्या मधल्या दारात उभी राहिली. कुणीतरी तिला आत बोलावलं, "तुम्ही पण इकडे बसा, मावशी." तर वन्संच म्हणाल्या, "राहू दे तिला तिथे. तिला जास्त कळतं."

पाण्याचा आवाज आला. भाच्याने मामांना कुशीवर केलं असावं. त्याचा आवाज ऐकू आला, "मामी, मामा तीन वर्षं झोपून होते ना? पाठ तर बघा, कशी स्वच्छ आहे. एकच काय तो बारीक डाग."

मी उलथन्याकडे बघितलं. तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ती नेहमीसारखी पाठ बघत होती, माकडहाड, घोटे, टाचा, एकेक करून, सगळं जागच्या जागी आहे ना म्हणून. मग ती माणसं ह्यांना दुसऱ्या बाजूला वळवायला लागली, आणि ती एकदम एक पाऊल पुढे झाली.

"सावकाश हां. खाली हात घाला आधी. त्यांचा डावा खांदा दुखतो."

भाच्याने ह्यांच्या खांद्याखाली तळहात सरकवला, आणि मगच वळवलं.